प्रेमाबाईंकडचा मुक्काम

महेश्वरीचं काम तसं कुणाच्या नजरेत न भरणारं. पवनचक्क्या उभारणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत ती होती, आणि कंपनीचा माणूस बदलीवर दूर गेला की त्याच्या राहण्या-फिरण्याची सोय धड आहे ना, हे बघणं तिच्याकडं होतं. खेड्यापाड्यात हॉटेलं कुठली? तिथं लोक ॲपवर आपापली घरं भाड्यानं देतात, कंपन्याही तीच घेतात. परक्याच्या घरात आपला माणूस ठेवायचा म्हणजे जोखीम आलीच. म्हणून महेश्वरी स्वतः जाऊन दाराच्या कड्या ओढून बघायची, गॅसची नळी चाचपायची, मालकाचं ओळखपत्र मागायची.

धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावाजवळचं घर मात्र साइटवरच्या श्रीमंत नावाच्या साहेबांनी रणधीर नावाच्या नव्या माणसासाठी घाईत परस्पर ठरवलं होतं. मालकीण कुणी प्रेमाबाई. राहून गेलेल्यांनी तोंड भरून कौतुक केलेलं. पुढं एके दिवशी श्रीमंत साहेबांचाच फोन आला.

"मॅडम, रणधीर कामावर यायचाच बंद झालाय हो. आजारी आहेस का विचारलं तर म्हणतो, मजेत आहे. माणूस सणाला घरी गेल्यावर बोलतो ना, तसा बोलतो."

महेश्वरी धाराशिवला उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे तिचं लहानपणीचं गाव. वडील एसटीत होते. आई, म्हणजे अव्वा, उमरग्याकडची, कानडी मुलखाची. ती गेली तेव्हा महेश्वरी दहावीत होती. त्यानंतर वडिलांनी पुण्याला बदली करून घेतली आणि इकडचं येणं तुटलं ते तुटलंच.

ॲपवरून सांगितलेली गाडी आली. चालक अण्णाराव, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. भूम मागं पडलं. माळावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या, त्यांचा धूर खिडकीतून आत येत होता. त्या वासानं महेश्वरीला थंडीतली न्हाणी आठवली, बंबातलं कढत पाणी आठवलं, आणि डोकं पुसता पुसता कानात गुणगुणणारी अव्वा आठवली. किती वर्षांत हे आठवलं नव्हतं!

घर रस्त्यापासून जरा आत होतं. चांगलं नवं, गुलाबी रंगाचं, स्लॅबचं घर. भोवती नुसती ज्वारी.

"मी इथंच थांबतो, ताई," अण्णाराव म्हणाले. "अंधाराच्या आत निघू. रस्ता लई खराब हाय."

दार उघडंच होतं. आत वीज नव्हती. ओसरीवर रणधीर मांडी घालून बसला होता. कोल्हापूरकडचा तरणाबांड इंजिनिअर. पण आता गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, आणि चेहऱ्यावर मात्र लहान पोरासारखं हसू.

"या मॅडम. आई म्हणालीच, कुणीतरी येणार आहे."

"आई?"

"प्रेमाबाई. पण मी आईच म्हणतो." त्यानं आवाज खाली आणला. "माझी आई कोरोनात गेली. दवाखान्याच्या काचेतूनसुद्धा बघू दिलं नाही. ही अगदी तशीच आहे, मॅडम. उंच, गोरीपान... बोलणंसुद्धा आमच्याकडचंच."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग वास आला. चुलीत भाजलेल्या कांद्याचा, ताज्या कुटलेल्या जवसाच्या चटणीचा. अशी चटणी एकाच घरात होत असे, अव्वाच्या. महेश्वरी ओळखपत्र मागायचं म्हणून स्वयंपाकघराकडं गेली आणि उंबऱ्याशी थबकली.

आत अंधुक होतं. चुलीपुढं एक बाई पाठमोरी बसली होती. उंच नव्हती. ठेंगणी, सावळी, पाठीवर तेल लावलेली बारीक वेणी. भाकरी थापणाऱ्या हातांचा ताल महेश्वरीला पाठ होता.

"मही, आलीस होय गं..." बाई मागं न वळता म्हणाली. कानडी हेलाचा तोच आवाज. "किती वाळलीस. बस. ताट करते."

मही... तिला मही म्हणणारं या जगात आता कुणी नव्हतं.

महेश्वरी बसली. का बसली, तिला सांगता आलं नसतं. पुढ्यात ताट आलं. ते आणणारे हात तेवढे दिसले. हिरव्या बांगड्या, मनगटावर पोळल्याचा जुना डाग. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वीस वर्षांनी ती अशी रडत होती. इथंच राहावं. रजेचं नंतर बघू...

तिनं घास मोडला. भाकरी गार होती. नुसती गार नव्हे, रांजणाच्या बुडाशी हात लागावा तशी. तिनं मान वर करून चुलीकडं पाहिलं. चुलीत जाळ नव्हता. राखसुद्धा नव्हती.

"अव्वा," ती कशीबशी म्हणाली, "येते मी."

अव्वा कधी नुसतं 'जा' म्हणत नसे. शाळेला निघताना, अगदी दवाखान्यातल्या त्या शेवटच्या संध्याकाळीही ती म्हणाली होती, "होगि बा." जाऊन ये.

चुलीपुढची बाई भाकरी थापतच राहिली. मग त्याच मायेच्या आवाजात म्हणाली, "जा म्हटलंय का कुणी...?"

महेश्वरी उलट्या पावली ओसरीवर आली आणि तिनं रणधीरचा दंड धरला.

"रणधीर, ऊठ. चल."

"नको मॅडम... आई जेवायला वाढतेय."

"तुझी आई तुला कामावर जाऊ नको म्हणायची? खरं सांग."

त्याचं हसू विरलं. "नाही... होस्टेलला जाताना मी रडायचो. तीच मला एसटीत ढकलायची. म्हणायची, मागं बघू नकोस."

"मग नको बघू."

तो उठला. महेश्वरीनं त्याला जवळजवळ ओढतच नेलं. दोघांनी ओसरी ओलांडली तशी आतली भांडी एकदम गप्प झाली. कुणी हाक मारली नाही. फक्त तो जवसाचा वास पार अंगणापर्यंत पाठोपाठ आला.

अण्णाराव गाडीत नव्हते. पायरीशी चपला काढून, दाराकडं तोंड करून उभे होते.

"अण्णाराव! गाडी काढा!"

ते दचकले, गाडीकडं धावले. भूम दिसू लागलं. मग अण्णाराव हळूच म्हणाले, "ताई, आत म्हातारं माणूस कोण होतं? मला अण्ण्या म्हणून हाक मारली. लई दिसांनी ऐकलं."

रणधीर मागच्या सीटवर हमसून रडत होता. महेश्वरीचं सगळं लक्ष त्याच्याकडं होतं. तिनं पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली.

रणधीरला धाराशिवात सहकाऱ्यांसोबत खोली मिळाली. तो कामावर जाऊ लागला, जेवू लागला. प्रेमाबाईंकडं पुन्हा कुणाला ठेवायचं नाही, असं महेश्वरीनं कंपनीत पक्कं करून घेतलं, आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली. कंपनीचा माणूस वाचला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत धाराशिवला आली. ओळखीचा माणूस बरा म्हणून तिनं अण्णारावांना फोन लावला; लागेना, तेव्हा त्यांनी दिलेल्या घरच्या नंबरवर केला. उचलला त्यांच्या बायकोनं, अयोध्यानं.

"ते न्हायती ताई. ईटला गेलेत. आईकडं."

महेश्वरीनं घाईनं विचारलं, "कधी आले होते घरी शेवटचे?"

"गेल्यापासनं न्हाय आले. गाडीबी तिथंच हाय म्हणं."

"अहो, पण त्यांची आई... सासूबाई तुमच्या..."

"माझं लगीन व्हायच्या आधीच वारल्या." पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. "पण काल त्यांच्याच फोनवरनं बोलल्या माझ्याशी. लई मायेनं बोलल्या. म्हणलं, मी येऊ का, धन्याला न्यायला? तर म्हणल्या, 'तू इतक्यात नको येऊस, पोरी... तुझी आई अजून जित्ती हाय.'"