एका सालची सफेदी

रविवारी सकाळी साडेआठ वाजता केशरबाग चाळीच्या तळमजल्यावर चौदा माणसं नाकाला वाटी लावून उभी होती, आणि त्यातली निम्मी खुळ्यासारखी हसत होती. वाटी म्हणजे जेवणातली नव्हे. शिंपल्याएवढी, मऊ रबराची, बारीक नळीनं गळ्यातल्या डबीला जोडलेली. तिच्यातून त्यांना १९६९ सालचं बांगड्याचं तिखलं हुंगायला मिळत होतं.

"तिरफळ!" पुण्याहून आलेले एक गृहस्थ ओरडले. "अहो, चक्क तिरफळाचा वास येतोय!"

"येणारच," वैजयंती म्हणाली. "मालवणकडची बाई बांगडा रांधणार आणि तिरफळ विसरणार? मग तिला खानावळ कोण चालवू देईल?"

वैजयंती घाडी त्रेसष्ट वर्षांची होती. बालवाडीत शिकवण्यात जन्म गेला, लवकर निवृत्ती घेतल्यावर घरात बसवेना, म्हणून तिनं गिरणगावातून लोकांना पायी फिरवायला सुरुवात केली. गिरण्यांच्या जागी आता चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे होते. पण त्यांच्या पायथ्याशी दहा-बारा जुन्या चाळी अजून तग धरून होत्या, आणि कोकणातून, घाटावरून, पार तेलंगणातून पोटासाठी आलेली माणसं त्यात कशी राहिली, हे वैजयंतीइतकं रंगवून दुसरं कुणी सांगत नसे. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे बारा-बारा जण. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. रात्रपाळीच्या माणसासाठी झाकून ठेवलेलं ताट. नऊ वर्षं ती हे सांगत होती. अकरा महिन्यांपूर्वी तिच्या हाती हा वास वाचणारा गंधवाचक आला आणि तिच्या फेरीला गर्दी होऊ लागली.

"पण वास इतकी वर्षं टिकतो कसा?" एका मुलीनं विचारलं.

"चुन्यामुळे. चाळीत दर साली गणपतीच्या आधी सफेदी व्हायची. वर्षभर चुलीचा धूर, फोडणी, मासळी, सगळं भिंत पिऊन घ्यायची. मग वर चुन्याचा नवा हात बसला की आदल्या सालचा वास आत कोंडला. असे थरावर थर." वैजयंतीनं हातातली सुई दाखवली. "ही सुई एकेक थर हलकेच तापवते. त्यातून निघणारी वाफ डबी ओळखते आणि तोच वास जुळवून तुमच्या नाकाशी आणते. एक हात म्हणजे एक साल. वरून मोजत खाली जायचं. अत्तरातली भेसळ पकडायला काढलेलं यंत्र हे, आमच्या बांगड्यावर येऊन स्थिरावलं."

सगळे हसले. हसली नाही ती एकच बाई. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी होती आणि तिची वाटी गळ्यात नुसती लोंबत होती. वैजयंतीनं तिला आल्याआल्याच ओळखलं होतं. कुंदा सातार्डेकर. आठवड्यापूर्वी हिचाच फोन आला होता.

दुसऱ्या मजल्याकडे जाताना कुंदानं तिला गाठलं.

"ताई, सत्तावीस नंबरच्या खोलीत गेलात की तुम्ही ते सांगणार ना?"

"नऊ वर्षं सांगतेय."

"माझी आई एकोणनव्वद वर्षांची आहे. आमच्या शेजारचा मुलगा तुमची फेरी करून आला आणि तिच्यासमोरच बोलून गेला, की सत्तावीस नंबरच्या भामाबाईनं टाळेबंदीत चूल विझवली आणि तिच्या पानावर जेवणारा माणूस उपाशी मेला. तेव्हापासून आई धड जेवत नाही. घास तोंडाशी नेते आणि ठेवून देते. तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. पण ती म्हणते, मी चूल विझवली नाही. मरायच्या आधी एवढा डाग तरी पुसा."

तो पानावरचा माणूस म्हणजे गुणाजी घाडी, वैजयंतीचा बाप. १९७९ च्या वैशाखात गेला, तेव्हा ती तीन वर्षांची, गावी. गिरणीला आदल्या गणपतीपासून टाळं होतं. पांडूकाका मुंबईहून आले की आईला सांगत, "खानावळीला कुलूप होतं वहिनी, मी डोळ्यांनी पाहिलं." आईनं तेवढ्या एका वाक्यावर उभा जन्म भामाबाईला शिव्याशाप दिले. वैजयंतीला बापाचा चेहरा आठवत नव्हता, पण ते कुलूप मात्र स्वतः पाहिल्यासारखं आठवत होतं.

"सत्तावीस नंबर उघडायची परवानगी मला गुरुवारीच मिळाली," ती कुंदाला म्हणाली. "आज पहिल्यांदा तिथं सुई लागेल. भिंत म्हणाली चूल पेटती होती, तर मी जाहीर माफी मागेन. आणि भिंत म्हणाली नव्हती..."

"तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही," कुंदा म्हणाली.

खोली रिकामी होती. चुलीमागच्या भिंतीवर निळ्या तेलरंगाचे पोपडे सुटले होते. हा रंग १९८५ सालचा, चाळीच्या दप्तरात त्याची नोंद होती. मोजणी तिथूनच सुरू व्हायची. वैजयंतीनं सुई टेकवली.

चौऱ्याऐंशी. सुकट, लसूण, रॉकेल. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. डबी एकेक साल सांगत गेली आणि माणसं ओळखण्याचा खेळ खेळत राहिली. कुळीथ! नाही हो, सोलकढी! ऐंशीला कुणाला तरी घावन सापडले. एकोणऐंशीचा थर लागला तसे सगळे एकदम खोकले. नुसता धूर, कुळथाची पिठी आणि भाताची पेज. मासळीचा मागमूस नाही.

मग अठ्ठ्याहत्तर आलं.

अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीपासून पुढचं वर्ष. टाळेबंदीचं साल, बाप गेला ते साल. वैजयंतीनं वाटी नाकाशी घट्ट दाबली. थोडी धूळ आली, थोडा ओलसर चुना. बाकी काही नाही. डबीच्या पडद्यावरची रेघ सपाट गेली होती. वर्षभर या खोलीत चूल पेटलीच नव्हती.

नऊ वर्षं जे ऐकीव म्हणून सांगितलं, ते यंत्रानं खरं केलं होतं. वैजयंतीला वाटलं होतं, या क्षणी तिला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. कुंदानं गळ्यातली डबी काढली, खिडकीच्या फळीवर ठेवली आणि ती दाराकडे वळली.

"पण ताई," पुण्याचे गृहस्थ पडद्यात डोकावत म्हणाले, "एकोणऐंशीत एवढा धूर कसा? बाकीच्या सालांच्या दुप्पट आहे. एका वर्षात एवढं रांधून होतं?"

वैजयंतीनं पाहिलं. खरंच दुप्पट होता. आणि एकोणऐंशीत गिरणी सुरू झालेली होती. कामगारांना पगार मिळत असताना लालबागच्या खानावळीत वर्षभर मासळी नाही? गिरणगावात हे कुणाला खरं वाटलं असतं? पेज आणि पिठी हे टाळेबंदीतलं जेवण.

"कुंदाताई, थांबा!" ती जवळजवळ ओरडली. "तुमचा जन्म कधीचा?"

"अठ्ठ्याहत्तरचा. माघातला." कुंदा दारातच थांबली. "का?"

"इथला?"

"नाही, गावचा. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. डॉक्टर म्हणाला, चुलीच्या धुरापासून लांब राहा. मग आई सत्त्याहत्तरच्या गणपतीला गावी गेली, ती मला घेऊन पुढच्या गणपतीलाच परत आली. वर्षभर खोलीला कुलूप होतं. बाबा भावाकडे जेवायचे."

वर्षभर खोलीला कुलूप. पांडूकाकांनी कुलूप पाहिलं होतं, खोटं ते बोलले नव्हते. पण कोणत्या साली पाहिलं, हे आईनं कधी विचारलं नाही, आणि वैजयंतीनंही नाही.

"म्हणजे हा रिकामा थर सत्त्याहत्तरचा आहे," ती हळूच म्हणाली. "यंत्राचं एक साल चुकलंय. एक साल चुकलं याचा अर्थ... मधे एका गणपतीला या भिंतीला सफेदी झालीच नाही. एका थरावर दोन वर्षांचा धूर बसलाय."

"सफेदी झाली नाही?" कुंदा कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. मग तिनं घाईघाईनं फोन काढला आणि बोटानं जुने फोटो सरकवू लागली. "हा बघा. मामानं काढलेला. मूळ फोटोमागे तारीख आहे, गणेश चतुर्थी, १९७९."

दीड वर्षाची मुलगी पाटावर बसली होती, तोंडात मूठ. तिच्यामागची भिंत तव्याच्या बुडासारखी काळी होती. घरात गणपतीचं मखर नव्हतं, तोरण नव्हतं.

"हा फोटो निघाला की मी आईला चिडवायची," कुंदा म्हणाली. "सणासुदीला काय ही काळी भिंत! ती म्हणायची, त्या साली आपल्याला सुतक होतं, वर्षाचं. गणपती आणायचा नाही, मासळी शिजवायची नाही, भिंतीला हात लावायचा नाही. पण ताई, मी मागे एकदा मोजून पाहिलं होतं. आमच्या घरात त्या साली कुणीच गेलं नव्हतं."

वैजयंती खाली बसली. चुलीच्या ओट्याशी, जिथं पंगत बसत असेल तिथंच. त्या साली, वैशाखात, या खोलीत जेवणारा एकच माणूस गेला होता.

"फोन लावा," तिनं सांगितलं. "तुमच्या आईला."

पडद्यावर सुरकुतलेला चेहरा आला. कुंदानं फोनमध्ये ओरडून सांगितलं, कोण आहे, कुठे आहे. म्हातारीनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"गुणाजीचा चेडू तू?"

"हो," वैजयंती म्हणाली. "भामामावशी, एकोणऐंशीला तुम्ही सुतक कुणाचं धरलं होतं?"

"कोणाचा म्हणान काय इचारतंस? तुझ्या बापाशीचा. त्येका काविळ झालेली गो. सोळा जणांका पिठी वाढी होतंय, त्येका एकट्याक पेज भरवी होतंय. चूल एक दिवस इझाक नाय. तरी तो ऱ्हवलो नाय. माझो घोव म्हणालो, तो आमच्या भावकीतलो नाय, सुतक खयचा? मी म्हटलंय, माझ्या पानावरचो माणूस गेलो, मगे भिंत रंगवची कशी?"

खोलीत कुणीतरी नाक ओढलं. वास हुंगायला नव्हे.

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" वैजयंतीला रडू आवरेना. "माझ्या आईला एक कार्ड तरी लिहायचं. ती तुम्हाला शिव्या देत मेली."

"माका लिवाक येणा नाय," भामाबाई शांतपणे म्हणाली. "आणि माका कोणी इचारल्यानच नाय."

वैजयंतीनं हात जोडले. चौदा माणसांसमोर, मोठ्यानं, तिनं माफी मागितली आणि येत्या रविवारपासून या खोलीत काय सांगेन, तेही सांगितलं. म्हातारीनं हात हलवला, पुरे म्हणून. मग लेकीला विचारलं, आज घरात कुळथाचं पीठ आहे काय. कुंदा हसत-रडत हो म्हणाली.

माणसं पांगली तरी वैजयंती ओट्याशी बसून राहिली. डबीत तिनं अकरा महिन्यांत वाचलेल्या एकशे चाळीस भिंती साठवलेल्या होत्या. सगळ्या वरून मोजत, एक हात म्हणजे एक साल धरून. त्यांतल्या कितींचं साल तिनं ठामपणे कागदावर लिहून दिलं होतं? लोकांनी ते कागद चौकटीत लावले होते. आजोबांची पहिली पाळी, आजीची पहिली चूल. काय शिजलं ते सुईला कळत होतं. कुणासाठी भिंत तशीच ठेवली, हे तिला कळायची सोय नव्हती. जो हात लागलाच नाही, तो मोजणार कोण?

ती उठली. अठ्ठावीस नंबरच्या खोलीत अजून माणसं राहत होती आणि पुढच्या रविवारी तिथली भिंत वाचायची ठरलं होतं. वैजयंतीनं दार वाजवलं. नव्वदीकडे झुकलेल्या एका आजोबांनी ते उघडलं आणि तिच्या हातातल्या सुईकडे पाहून ते म्हणाले, "ये, ये. लाव भिंतीला. बघू काय म्हणते."

"भिंतीला नंतर विचारते, आजोबा," वैजयंतीनं सुई पिशवीत ठेवली आणि ती उंबऱ्यातच टेकली. "आधी तुम्ही सांगा. या घरात कोणत्या साली सफेदी झाली नव्हती?"