दारावर आलेली बाई

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणाच्या तरी कुणाची नाही. जिच्या बाबतीत घडली ती स्नेहल माझी सख्खी मावसबहीण. आमच्या दोघांत थापा मारायचं खातं माझ्याकडं आहे, तिच्याकडं नाही.

गोष्ट रात्रीची पण नाही. अमावास्या नव्हती की पिंपळ नव्हता. गेल्या डिसेंबरातला सोमवार, भर दुपारचे बारा, आणि जागा आळ्याहून बेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा एक गाळा. पटत नसेल तर येऊन बघा, गाळा अजून तिथंच आहे.

स्नेहल चित्रकार आहे. माणसांचे चेहरे काढते. माणसाला समोर बसवून आठ-आठ दिवस बघत राहते आणि तेलरंगात असा उतरवते, की बघणाऱ्यानं चित्राला रामराम घालावा. शिकली पुण्यात, पण काम करते मळ्यात. चांगदेवकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, खताच्या दुकानासाठी रस्त्यावर गाळा बांधला होता. दुकान काही चाललं नाही. तिथं हिनं रंग मांडले. गाळ्याचं मागचं दार उघडलं की कांद्याचं वावर, आणि वावरापलीकडं घर.

चित्र पुरं झालं की ती फोनवर आपल्या पेजवर त्याचा फोटो टाकते, पुढचं प्रदर्शन कुठं आहे ते कळवते. बघणारे हजारो. त्यातले निम्मे आपल्याच जुन्नर-आंबेगावचे.

त्या शनिवारी पुण्यात तिचं पहिलं एकटीचं प्रदर्शन होतं. बारा चेहरे. अकरा कधीच तयार होते. बारावा साळूआत्याचा.

साळुबाई ही काकांची थोरली बहीण. माझी मावशी गेली तेव्हा स्नेहल चार वर्षांची होती. आत्या त्याच साली नवऱ्यामागं माहेरी आलेली, पोटी मूल नाही. तिनं या पोरीला वाढवलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. स्नेहलला तुम्ही अंधारात सोडा, सापासमोर उभी करा, ती हलायची नाही. पण आत्याला साधा खोकला झाला तरी तिच्या घशाखाली घास उतरत नाही. एक दिवस आत्या जाईल, एवढी एकच भीती तिला.

तर त्या सोमवारी सकाळी आठला तिनं आत्याच्या चित्राचा फोटो टाकला. काळीभोर पार्श्वभूमी, मधोमध आत्याचा चेहरा. खाली लिहिलं, "साळुबाई. शनिवारी सकाळी दहा वाजता. सर्वांनी उपस्थित राहावे, ही विनंती." पुण्याचा पत्ता त्याच्याही खाली.

आता तुम्हीच सांगा राव. काळ्यावर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, खाली नाव, वार आणि वेळ... आपल्याकडं कोण पुढं वाचतं?

पहिली कमेंट आली, "भावपूर्ण श्रद्धांजली."

मग दुसरी. मग चाळीस. कुणीतरी फोटो उचलून गावच्या ग्रुपवर टाकला. साडेनऊला शेजारच्या मळ्यातल्या मंगलकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजाऱ्यांकडून जेवण येतं. आपण त्याला कडू घास म्हणतो.

दार आत्यानंच उघडलं.

"मंगल, सकाळच्या पारी एवढं काय घिऊन आलीस?"

मंगलकाकूंच्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं. सगळा प्रकार कळल्यावर आत्या डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. ओट्यावर बसून ते पिठलं तिनंच खाल्लं. वर म्हणाली, "मीठ कमी पडलंय. खरी मेल्यावर तरी नीट घाल."

माणसं दारावर, म्हणजे दुखवट्याला, येत होती, आत्याला बघून कपाळाला हात लावून परत जात होती. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं जो तो म्हणत होता. स्नेहल मात्र आतून हलली होती. अकराला तिनं ती पोस्ट काढून टाकली.

पण बातमी जायची तिथं गेली होती.

साडेअकराला ती गाळ्यात आली. सव्वाबाराला चित्रं न्यायला टेम्पो येणार होता. अकरा चित्रं कापडात बांधून भिंतीला लावलेली. आत्याचं तेवढं स्टँडवर, रंग अजून ओला.

सोमवार म्हणजे बेल्ह्याचा बाजार. रस्त्यावर नुसती रांग. पिकअपमधली जनावरं, मोटारसायकली, हॉर्न. काका पण सकाळीच गेलेले. दारात ट्रॅक्टर उभा आहे, पण दर सोमवारी बैलांचे दात बघून आल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

बाराच्या सुमाराला कापड कापता कापता स्नेहलचा हात थांबला...

आवाज येत नव्हता.

फोन गप्प. सकाळपासून एक मिनिट शांत नव्हता तो.

रस्ता गप्प. तिनं बाहेर पाहिलं. बाजाराच्या दिवशी, भर बाराला, एक सायकलसुद्धा नाही.

मागं कांद्याला पाणी चालू होतं, ती मोटारही बंद. लाइट गेली असेल, असं म्हणून तिनं वर पाहिलं.

पंखा फिरत होता. पण त्याचाही आवाज नव्हता.

आणि मग... शटरच्या बाहेर बांगड्या वाजल्या.

बाई उभी होती. चाळिशीची असेल. डोंगराकडच्या बायका नेसतात तसं गुडघ्यापर्यंत आवरून नेसलेलं लुगडं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हात रिकामे. तिच्याबरोबर भाताच्या ओल्या पेंढ्याचा वास आत आला.

"साळू गेली नव्हं?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला ही नुसतं साळू म्हणते, हे स्नेहलला खटकलं. पण सकाळपासून तेच तेच सांगून ती दमली होती.

"नाही हो मावशी. आत्या ठणठणीत आहे. चुकून बातमी पसरली."

बाई तिच्याकडं बघतच नव्हती. ती चित्राकडं बघत होती.

"ही काय साळू. वाईच थकलीय."

"ते चित्र आहे. मी काढलंय."

"बातमी आली म्हून निघाले. लई लांबनं आलेय."

"कुठून?"

"भीमाशंकराच्या अंगाला."

स्नेहलनं तांब्या पुढं केला. बाईनं हात लावला नाही. "पाणी नगं," म्हणाली. "आत्याला हाक मारू का?" असं ती विचारून बसली.

"मार की. न्यायलाच आलेय तिला."

"न्यायला... म्हणजे?"

"तसं ठरलंय आमचं. जी आधी जाईल तिनं दुसरीला न्यायला यायचं. वाट लई अवघड हाय ग. एकटीला न्हाई जमत."

जी आधी जाईल तिनं.

स्नेहल मला सांगत होती, की ते वाक्य कानात शिरलं तेव्हा कुठं तिला कळलं, समोर कोण उभं आहे. तिनं सगळं बळ एकवटलं आणि कसंबसं म्हणाली, "आत्या जिवंत आहे. तुम्ही जा."

"मोकळ्या हातानं कशी जाऊ?" बाईच्या बोलण्यात राग नव्हता. उलट अडचणीत सापडल्यागत बोलत होती. "एकदा निघाल्यावर मोकळं न्हाई फिरता येत."

आणि ती मागच्या दाराकडं चालायला लागली.

मागचं दार उघडंच होतं. तिथून घर दिसत होतं, ओटा दिसत होता. ओट्यावर आत्या उन्हाला पाय सोडून बसली होती. कुणाशी तरी बोलत हसत होती, पण त्या हसण्याचा आवाज इकडं येत नव्हता.

बाई दारापर्यंत पोचली...

स्नेहलनं स्टँडवरचं चित्र उचललं आणि तिच्या आडवी झाली.

"हे न्या."

बाई थांबली.

"हीच साळू. आत्ता तुम्हीच म्हणालात ना."

बाईनं चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग पहिल्यांदाच तिनं स्नेहलच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू देतीस?"

"देते."

"मनापासून?"

"मनापासून."

बाईनं झोपलेलं पोर उचलावं तसं दोन्ही हातांनी चित्र घेतलं. पदराखाली झाकलं. शटरपाशी जाऊन वळली.

"येते."

दारावर आलेलं माणूस जाताना कधी येतो-येते म्हणत नाही. तसलं येणं परत नको, म्हणून गुपचूप उठून जातं. सकाळपासून एवढी माणसं येऊन गेली, एकाच्याही तोंडून तो शब्द गेला नव्हता.

त्याच क्षणी बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पंखा घरघरला, मोटार सुरू झाली, फोनवर त्रेसष्ट मेसेज एकदम येऊन पडले. स्नेहल रस्त्यावर धावली. दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. बाई नाही. मागं वळून पाहिलं तर स्टँड रिकामा.

ती तशीच घरी पळाली आणि आत्याच्या गळ्यात पडली. रडत रडत सगळं सांगितलं. काका नव्हते, ते एक बरं. त्यांनी थट्टाच केली असती. आत्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"हनुवटीवर गोंदाण व्हतं?"

"तीन ठिपके."

"बायडा," आत्या म्हणाली.

बायडाबाई दर साली डोंगरातनं आत्याच्या सासरी कांदा लागवडीला खाली यायची. आत्या आणि ती एका वाफ्यात लावायच्या, एका फडक्यातली भाकरी खायच्या. मग एका साली बाकीच्या बाया आल्या, बायडा आली नाही. पावसाळ्यात तिला पान लागलं, साप चावला, असं कळलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

"बाया काम करता करता बोलत्यात तसं बोललो व्हतो आमी," आत्या म्हणाली. "खरं धरलं तिनं."

थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. "मंग मोकळी न्हाई ना गेली? काय दिलंस?"

"तुझं चित्र."

आत्या रागावली नाही. तिनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "माझं तोंड दिलंस व्हय ग पोरी," एवढंच म्हणाली. मग स्नेहलचंच रडं थांबेना, तेव्हा तिलाच जवळ घेतलं. "जाऊ दे. तुला दुसरं सुचलं न्हाई."

प्रदर्शन झालं. अकराच चित्रांचं झालं, लोकांनी वाखाणलं. आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मी उद्घाटनाला गेलो होतो, स्नेहल एकाही फोटोत हसलेली नाही.

संक्रांतीपर्यंत आत्याला काही झालं नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

मग एका दुपारी जेवता जेवता आत्या थांबली. हातात घास, डोळे उघडे... पण हाक ऐकू जाईना. हलवलं तरी नाही. पाचेक मिनिटांनी तिनं तो घास तोंडात घातला, जसं काही झालंच नाही.

"कुठं होतीस आत्या?" स्नेहलनं विचारलं.

"बायडापाशी. वर लई गार हाय. बस म्हणती वाईच."

दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा तसंच. आठवड्यानं अर्धा तास. महिन्यानं दोन तास. नारायणगावच्या डॉक्टरांनी होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या केल्या. सगळं चांगलं निघालं. आता बाराला जाते ती दिवेलागणीला परत येते, आणि आल्यावर ही समोरची पोरगी कोण, हे आठवायला तिला दर वेळी जरा जास्त वेळ लागतो.

स्नेहलनं आत्याचं दुसरं चित्र काढलंय. सकाळी आत्या घरात असते, तेव्हा बसवून काढलं. रोज बाराला ते कापडात गुंडाळून ती गाळ्याच्या पायरीवर जाऊन बसते. मी विचारलं, "अगं, कशाला?" तर म्हणाली, "दिलेलं परत मागायचंय. तिच्या पाया पडेन." बाई काही आलेली नाही.

गेल्या रविवारी मी मळ्यात गेलो होतो. तीन वाजले होते. आत्या खाटेवर डोळे उघडे ठेवून बसलेली, स्नेहल तिचे तळपाय चोळत होती. मान वर न करता ती मला म्हणाली,

"दादा, तीच पोस्ट परत टाकली तर? तशीच, काळ्यावर, नाव घालून. बातमी गेली तर येईल ना ती?"

मी नको म्हणालो. जोरात म्हणालो.

"अन् आली आणि या वेळी चित्र नको म्हणाली, तर?" मी विचारलं.

"मग तू दुसरं काहीतरी सांग."

तिच्या जागी मी असतो तर त्या दिवशी मीही चित्र देऊन टाकलं असतं, हे तिलाही माहीत आहे. मी चहा न घेताच निघालो. मंचरला घरी पोचेपर्यंत तीनदा गाडी बाजूला घेतली आणि फोनवर तिचं पेज उघडून पाहिलं. तेव्हापासून रोज बाराच्या आधी बघतोय. आज अजून काही टाकलेलं नाही.