सर्जेरावाची गाडी

“इंजिनात टकटक वाजतंय, बाईसाहेब. असंच फुडं जाऊ नगा.”

सांगलीच्या पेट्रोलपंपावर एका तरण्या मिस्त्रीनं बजावलं, तेव्हा अंजनानं त्याच्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही. शेजारी सासऱ्यांच्या, दादासोंच्या मांडीवर दोन वर्षांची मनू तापानं फणफणलेली. कधी एकदा पलूस येतंय असं झालेलं. माधवनगर ओलांडलं आणि गाडी गपकन थांबली.

थोड्या वेळानं सायकलची घंटी वाजली. तोच मिस्त्री... हत्यारांच्या पिशवीसकट.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय. तुमी ऐकणार न्हाई, ते बी ठाऊक हुतं.”

त्या धास्तीतही तिला हसू फुटलं. त्यानं आधी एक मालट्रक अडवून मनूला घरी पोचतं केलं, मग गाडीला हात घातला.

जोतिबा मूळचा कोरेगावचा. लढाईत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करून आलेला. दादासोंनी त्याला ठेवूनच घेतलं. ती शर्यतीची गाडी त्यांच्या मुलाची, अंजनाच्या नवऱ्याची, सर्जेरावाची. तो लढाईत मारला गेला. अंजनाला गाडी चालवायला त्यानंच शिकवलेलं. जोतिबानं जळालेलं बेअरिंग बदललं. महिन्यात तेच पुन्हा जळालं. मग आणखी एकदा.

“आता गेलं तर गाडी इकायची,” दादासो जोतिबाला म्हणाले, “आन तू आपल्या वाटंनं जायचं.”

त्या दिवसापासून, मनूच्या श्वासाकडं ठेवावं तसं, अंजना इंजिनाच्या आवाजाकडं कान ठेवू लागली. जोतिबा गेला तर... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना.

आणि टकटक पुन्हा आलीच. जोतिबानं इंजिन खोललं.

“तेलाची वाट चिकट्यानं बुजलीय. तेल तर चांगलं घालतोय मी... माझंच काय तरी चुकतंय.”

अंजनानं तो चिकटा बोटावर घेतला, हुंगला. दर रविवारी मनूचं नाक दाबून पाजावं लागतं ते —

“हे एरंडेल आहे.”

दादासोंची मान खाली गेली. “आपल्या घाण्याचं हाय. सर्जा म्हणायचा, शर्यतीच्या गाडीला एरंडेलच लागतं. म्हणून मी आपलं... वरनं थोडं थोडं.”

अंजनानं जोतिबाकडं पाहिलं. आता हा म्हाताऱ्याला काय बोलतो?

जोतिबानं सावकाश हात पुसले. “धाकल्या मालकांचं खरं हाय. निस्तं एरंडेल चालतं. ही दोन तेलं एका जागी नांदत न्हाईत, एवढंच. आता सगळं धुऊन तुमच्याच घाण्याचं भरू.”

दादासो पाठ वळवून डोळे पुसत राहिले. अंजना मात्र जोतिबाकडं बघतच राहिली.

“काय बघताय?”

“काही नाही... गालाला काजळी लागलीय.”

“मग पुसा की.”

“हात काळे होतील माझे.”

“झाल्यातच की —”

दिवाळी सरली, बेअरिंग शाबूत होतं. दादासोंनी एका दुपारी दोघांना समोर बसवलं.

“पोरी, सासरा म्हणून न्हाई, बाप म्हणून इचारतो. तुमचा पाट लावून देऊ?”

“माझं कवाच ठरलंय,” जोतिबा जमिनीकडं बघत पुटपुटला. “ह्यांचं ह्यांनी सांगावं.”

“हो,” अंजना म्हणाली, आणि दादासोंच्या पाया पडताना तिला रडू आवरेना.

आता ती कोरेगावात असते. जोतिबानं तिथं काढलेलं गॅरेज बरं चाललंय; मनू जोतिबाला आबा म्हणते. हे सगळं ज्यांनी पदरात घातलं, ते दादासो पलूसला एकटेच. कितीदा बोलावलं, येत नाहीत. लेकीच्या घरी बापानं राहू नये, म्हणतात. पत्रात ‘मी बरा हाय’ एवढंच असतं, आणि अंजनाला ते पटत नाही.

तुमचं कधी पलूसला जाणं झालं, तर त्यांच्या दारात जरा डोकावाल? जेवले का, एवढं विचारा. आणि चूल पेटलेली आहे का, ते तुमच्या डोळ्यांनी बघून या.