पाहुण्या पेपरांसाठी एकच खुर्ची

समर्थकांच्या बसमध्ये एकच जागा उरली होती, आणि तिच्या शेजारी नेमका तो बसला होता.

तो म्हणजे आमच्याच शहरातल्या दुसऱ्या पेपरचा क्रीडा वार्ताहर. आमच्या महिला फुटबॉल क्लबच्या प्रत्येक सामन्याला आम्ही प्रेस बॉक्सच्या दोन टोकांना बसायचो आणि एकमेकांना पाण्यात पाहायचो. मी मनातल्या मनात त्याचं नाव ‘खडूस’ ठेवलं होतं. त्यानं माझं काय ठेवलं होतं, ते लगेच कळलं.

“या, बाईसाहेब,” तो खिडकीकडे सरकला. “तुमच्याकडेही प्रवासखर्च बंद वाटतं?”

“छे. मला कानाचे पडदे फाडून घ्यायची हौस आहे.”

मागच्या सीटवर समर्थकांची म्होरकी बसली होती. तिला सगळे कर्णामावशी म्हणायचे, आणि का म्हणायचे ते बस सुटल्या सुटल्या तिनं कर्णा फुंकला तेव्हा पटलं.

दोन्ही पेपरांनी बाहेरगावच्या सामन्यांना माणूस पाठवणं बंद केलं होतं. टीव्हीवर बघा आणि लिहा. दुधाची तहान ताकावर. मी संपादकांशी भांडले तेव्हा ते म्हणाले, “अगं, टीव्हीचे आठ कॅमेरे असतात. तुला डोळे दोनच.”

“पण माझी मान मला हवी तिकडे वळते,” मी म्हणाले.

ते हसले. मग म्हणाले, “स्वतःच्या हिमतीवर जा. टीव्हीला दिसलं नाही असं काही आणलंस, तर पुढच्या मोसमाचा खर्च मी भांडून मिळवतो. नाहीतर डेस्कवर बसायचं.”

खडूसलाही त्याच्या संपादकांनी हेच ऐकवलं होतं. म्हणजे आज जो काही वेगळं आणेल, त्याचं मैदान राहणार होतं. वाटेत त्यानं मला अर्धं सफरचंद दिलं. मी ते घेतलं, पण आभार मानले नाहीत.

स्टेडियममध्ये गेलो तर प्रेस बॉक्समध्ये आमच्यासाठी एकच खुर्ची.

“बाहेरच्या पेपरांचं हल्ली कोणी येतच नाही हो,” तिथला माणूस ओशाळून म्हणाला.

“तुम्ही बसा,” खडूस म्हणाला.

“बाई म्हणून?”

“नाही. आईनं शिकवलंय म्हणून.”

“आईंना सांगा, मी उपकाराच्या खुर्चीवर बसत नाही.”

शेवटी वाटणी झाली. पूर्वार्धात खुर्ची माझी, उत्तरार्धात त्याची. दुसऱ्यानं खाली गोलच्या मागे, आमच्या समर्थकांत उभं राहायचं. परतताना ज्यानं जे पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं, काहीही हातचं न राखता.

“शब्द?” त्यानं हात पुढे केला.

“शब्द,” मी म्हणाले. त्याचा हात उबदार होता… उगीचच लक्षात राहिला.

पूर्वार्धात आम्ही एक गोल केला. उत्तरार्धात मी खाली गेले, आणि पाऊस भुरभुरायला लागला. आता आमची गोलकीपर आमच्या समोरच्याच गोलमध्ये होती. एका धडकेत ती पडली, उठली, आणि मी पाहिलं… डाव्या हाताचं मधलं बोट भलतीकडेच वळलं होतं. आमचे बदली खेळाडू संपले होते.

“सांगू नकोस कोणाला,” ती बचावपटूला म्हणाली. तिनं दातात पट्टी धरून बोटं एकमेकांना बांधली आणि ग्लोव्ह चढवला. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी आली. चेंडू डावीकडे गेला, आणि त्याच हातानं तिनं तो बाहेर ढकलला.

कर्णामावशीनं मला मिठी मारली. मी गालावरचं पाणी पुसलं. पाऊस होताच, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

सामन्यानंतर मी गोलकीपरला गाठलं. हात बर्फात होता.

“मी ऐकलंय. लिहू?”

“आता लिही,” ती म्हणाली. “आईला मात्र आधी मी फोन करते.”

बसमध्ये खडूसनं मला आधी त्याचा पूर्वार्ध सांगितला. मग माझी पाळी. सांगितली तर ही बातमी माझ्या एकटीची राहणार नव्हती. पण शब्द दिला होता. बोट, पट्टी, ग्लोव्ह… सगळं सांगितलं.

 त्यानं हळूच विचारलं, “पेनल्टीचा चेंडू… कोणत्या बाजूला गेला?”

“म्हणजे? तुम्ही पाहिला नाहीत?”

“डोळ्यात पाऊस गेला.”

“प्रेस बॉक्सला छप्पर आहे.”

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

सकाळी बाबांनी दोन्ही पेपर टेबलावर पसरले. माझी बातमी पहिल्या पानावर होती. “हे बघ गं काय लिहिलंय,” म्हणत त्यांनी दुसरा पेपर पुढे केला. खडूसच्या कोरड्या वृत्तांताच्या शेवटी दोन ओळी होत्या: ‘निर्णायक बचाव या वार्ताहराने पाहिला नाही. ज्या वार्ताहराने पाहिला, तिचा वृत्तांत शहरातल्या दुसऱ्या दैनिकात आहे. तो जरूर वाचावा.’

मी तडक त्याच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तो तिथेच उभा होता.

“मी भीक मागितली नव्हती.”

“मी दिलीही नाही. जे पाहिलं नाही, ते माझ्या नावाखाली जात नाही. तुमचा तो अभिमान, आणि आमचा काय पालापाचोळा?”

“टीव्हीवर तो बचाव शंभरदा दाखवला. बघून लिहायचं होतं.”

“त्यासाठी बसमध्ये हाडं कशाला मोडून घेतली असती?”

“संपादक काय म्हणाले?”

“आजपासून डेस्क.” त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. “वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण मान खाली घालून नाही गेलो.”

“पेनल्टी चालू असताना कोणता वार्ताहर दुसरीकडे बघतो?”

“मी. आयुष्यात पहिल्यांदा.”

“मग काय पाहिलंस ते सांग.” तुम्ही-बिम्ही कधी गळून पडलं, कळलंच नाही.

“गोलच्या मागे एक मुलगी होती,” तो सावकाश म्हणाला. “सगळे ओरडत होते. वार्ताहरानं ओरडायचं नसतं म्हणून ती ओठ दाबून उभी होती. चेंडू अडला तेव्हा ती रडली. लोकांना वाटलं, पाऊस. आणि मला… मला ती आवडते. बऱ्याच मोसमांपासून.”

टपरीवाल्यानं दोन चहा आमच्यासमोर ठेवले आणि तिथेच घुटमळत राहिला.

मी नाकावर माशी बसू न देणारी बाई. मला आजवर अभिमान वाटला तो फक्त स्वतःचा. पण मैदान गमावूनही ताठ उभ्या राहिलेल्या या माणसाकडे पाहताना ऊर असा भरून आला, की हा माणूसही माझाच आहे हे त्याला सांगून टाकावंसं वाटलं.

म्हणून सांगून टाकलं.