चालता येणारा नकाशा

तुम्ही विचारलंत, जादा चावी कुठे ठेवावी. सांगतो. पण आधी बसा, स्टुलावरची ती कानस बाजूला सारा. दिवा असाच राहू दे, मंदच बरा वाटतो हल्ली.

मी तीस वर्षं कुलपं करतोय. तीस वर्षं लोकांना बजावत आलो, चावी कुंडीखाली ठेवू नका, पायपुसण्याखाली ठेवू नका. आणि माझी स्वतःची चावी कुठे होती? मीटरच्या पेटीमागे, सुटलेल्या विटेच्या आड. दिव्याखाली अंधार.

त्या दिवशी एका दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचं कुलूप बदलून मी दुपारी घरी जेवायला आलो. बायको वाचनालयात होती, फाटक्या पुस्तकांची बांधणी करते ती. घरी कोणी नसणार हे मला माहीत होतं. पाहतो तर आमच्या पायरीवर एक माणूस बसलेला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. आणि त्याच्या तळहातावर माझी चावी.

"काका, मी आत गेलो नाही," तो धडपडून उठला. "शपथ घेतो. चावी खरंच तिथे आहे का, एवढंच बघितलं."

"तिथे असते हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने खाली बघितलं. "तुमच्या मुलीने. म्हणजे... तिच्या नकाशाने."

माझी मुलगी जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

आम्ही तिला खारू म्हणायचो. लहानपणी खारीसारखी काय काय गोळा करून गादीखाली लपवायची म्हणून. बावीस वर्षांची झाली तरी नाव तेच. हृदयाचं दुखणं होतं. शेवटचं वर्ष ती मागच्या खोलीतल्या पलंगावरच होती. तिथे पडल्या पडल्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. त्या खेळात म्हणे हौशी लोक आपापल्या जागा बनवून घालतात, आणि जगभरातली माणसं त्यात फिरतात. त्याला ते नकाशा म्हणतात. मी म्हटलं, नकाशा काय, कागदावर काढून देतो तुला. ती हसली. म्हणाली, "बाबा, ह्या नकाशात चालता येतं."

तिने आमचं घर बनवायला घेतलं. स्वतः चालायची सोय नव्हती, म्हणून मापं मी घ्यायचो. टेप घेऊन घरभर फिरायचो आणि ओरडून सांगायचो, "स्वयंपाकघराचं दार, सहा फूट तीन इंच!" ती आतून ओरडायची, "वरची चीर कुठून सुरू होते, तेही सांगा!" दाराचं कुलूप उघडतानाचा आवाज तिने चारदा रेकॉर्ड करून घेतला. आणि विटेआडची चावीसुद्धा त्यात घातली. मला गंमत वाटली. कुलूपवाला असून मी हसलो, बघा. जग आत येऊ शकतं हे ध्यानातच आलं नाही. मला वाटायचं, तिच्यासाठीच आहे ते. जिथे तिला चालता येईल असं घर.

पायरीवरचा माणूस दातांच्या कवळ्या बनवणारा होता. नाव त्याने सांगितलं, पण आम्ही नंतर त्याला कवळीवालाच म्हणत राहिलो. चेहरा पडलेला होता. पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला.

"मी चोर आहे, काका," तो म्हणाला. "तिचा नकाशा मी उचलला. वर्षभर कुणी हात लावला नाही, की कंपनी नकाशे काढून टाकते. त्याआधीच मी नक्कल करून माझ्या नावावर घातला. दिवे काढले, अंधार केला, भुताचं घर म्हणून नाव दिलं. आजवर चाळीस हजार लोक फिरून गेले त्यात."

"माझ्या घरात?"

"हो."

तिचा मूळ नकाशा पुसला गेला होता. उरला होता तो चोरीचाच.

"पण काका, भूत मी नाही घातलं. मला ते जमतच नाही. लोक लिहायला लागले, मागच्या खोलीत कोणीतरी खोकतं, झकास केलंय. मी सगळं उघडून बघितलं, तसला आवाज कुठेच नाही. मी ती खोली पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी परत होती. म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरून हे घर शोधत आलो. एक विचारू? तिथला पलंग... तुम्ही गेल्या महिन्यात काढलात का?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. पलंग आम्ही खरंच देऊन टाकला होता, एका म्हाताऱ्या पेशंटला. बायकोला तो रिकामा पलंग बघवेना म्हणून.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नकाशातूनही गेला, काका. मी नाही काढला."

त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर आमचं दार होतं. रंगाचा पोपडाही तोच. त्याने एक बटण दाबलं आणि माझं कुलूप उघडलं. तोच आवाज, आधी खट्, मग जरा घासून सुटणारा. आत अंधार. त्याने दाखवलं तसं मी बोटाने पुढे सरकत गेलो. बैठक, स्वयंपाकघर, तिथली ती चीर, आणि शेवटी मागची खोली. भिंतीवर पलंगाच्या डोक्याकडचा तेलकट डाग, खाली उघडी फरशी.

मग खोकला आला. दोनदा कोरडा. थोडं थांबून एक बारीक, 'काही नाही, तुम्ही झोपा' म्हणाल्यासारखा. बाप आहे तिचा, रात्ररात्र तो ऐकलाय मी. दुसऱ्या कुणाचा असता तर ओळखला असता.

"आधी हा आवाज वरून यायचा," कवळीवाला कुजबुजला. "पलंगाच्या उंचीवरून. महिनाभर... खालून येतोय."

"म्हणजे?"

उत्तर दारातून आलं. बायको कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. खांद्याची पिशवी तशीच, बोटांना खळ लागलेली.

"म्हणजे ती जमिनीवर निजते," ती म्हणाली. "आपण तिचा पलंग देऊन टाकला, आणि माझी पोर थंड फरशीवर निजते."

ती रडली नाही. तशीच फिरली, माळ्यावरून गादी ओढून काढली, मागच्या खोलीत नेली आणि अंथरली. चादर झटकून चारी कोपरे खोचले. उशी ठेवली, उचलली, बाजू पालटून पुन्हा ठेवली. आम्ही दोघे पुरुष दारात नुसते उभे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवळीवाला परत आला. नकाशात गादी आली होती. चादरीचे चारी कोपरे खोचलेले. खोकला नव्हता. बायकोने कान अगदी पडद्याला टेकवला आणि किती तरी वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "श्वास चाललाय. झोपलीय."

तिथून पुढे तीन आठवडे आमच्या घराला जरा घरपण आलं. कवळीवाल्याने एक जुना लॅपटॉप आणून दिला. बायको कामावरून आली की चपला काढून आधी त्यात जायची. खऱ्या खोलीत दिवा लावायचा, खिडकी लोटायची, आणि नकाशात काय झालं ते बघायचं. मी काही बोलायचो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? मीही दुपारी गुपचूप जाऊन बसायचो.

पण आम्ही एकटे थोडेच होतो त्या घरात! चाळीस हजारांचे साठ हजार झाले. खोकल्याच्या नकला करून लोक टाकायला लागले. आणखी कुणीतरी ती समोरची पाण्याची टाकी ओळखली आणि आमची गल्ली लिहून टाकली. मी वीट बुजवली, दाराला दुसरं कुलूप घातलं. पण खिडकीची कडी सैल आहे हेसुद्धा खारूने नकाशात खरं खरं घातलं होतं.

एका रविवारी दुपारी बायको त्या गादीशेजारी फरशीवर आडवी झाली होती. तिला जाग आली तेव्हा खिडकीतून दोघे आत उतरलेले, एकाच्या हातात मोबाइल. शूटिंग चाललेलं. तिला बघून एकजण आनंदाने ओरडला, "अरे, हीच ती!" आणि खोकून दाखवलं. तिला. तिच्या तोंडावर.

मी धावत आलो तोवर ते पळाले होते. बायको गादीवर हात पसरून बसली होती, कोणी ती ओढून नेईल म्हणून.

"बंद करा ते," ती म्हणाली.

कंपनीत फोन लावला. एक बाई बोलल्या, आवाजाने भल्या वाटल्या. त्यांना मुळात कुणाचं काय हेच उलगडेना. खारूने म्हणे नकाशाखाली लिहून ठेवलं होतं, 'कोणीही घ्या, कोणीही बदला.' कवळीवाल्याने लेखी दिलं की घर तिचं, मी उचललं. मी मृत्यूचा दाखला पाठवला. मग त्या म्हणाल्या, "काका, एक बटण पाठवते, ते दाबलंत की नकाशा तिच्या खात्यात परत जाईल आणि बंद होईल. कुणालाच आत जाता येणार नाही."

"आम्हाला?"

"तिचा पासवर्ड असेल तर."

नव्हता. आम्ही सगळं घालून बघितलं होतं, तिचं नाव, आमची नावं, जन्मतारखा. कवळीवाला म्हणाला, माझी नक्कल ठेवतो एक. ठेवलीही. पण त्या नकलेत फरशी उघडी होती आणि काही ऐकू येत नव्हतं. त्याने ती आमच्यासमोर पुसली.

आयुष्यभर मी लोकांची अडकलेली दारं उघडली. रडणारी पोरं आत, आई बाहेर, असली कितीतरी. दोन मिनिटांत उघडून दिली. आणि हे दार मला लावायचं होतं, चावी नसताना, लेक आत असताना.

शेवटच्या संध्याकाळी बायकोने खऱ्या गादीवर खारूचं पांघरूण घातलं. नकाशात ते दिसेपर्यंत आम्ही बसून राहिलो. दिसलं. मध्ये जरा उंचवटा होता. बायको पडद्याशी वाकली. "खारू, कोणी येणार नाही हं आता. नीज." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "करा."

मी बटण दाबलं. पडदा करडा झाला.

त्याला आता पाच महिने झाले. त्यानंतर चारच दिवसांनी कंपनीच्या त्याच बाईंचा फोन आला होता, नोंदी पुऱ्या करायला. त्या वाचत होत्या, मी हो हो म्हणत होतो. "खोल्या चार. खिडक्या सात. दारं सहा."

"पाच," मी म्हणालो. "मापं मी घेतलीत."

"इथे सहा आहेत, काका. सहावं काल घातलंय."

"बंद केल्यावर?"

पलीकडे नुसत्या कागदांचा आवाज. "मागची खोली आणि तुमची झोपायची खोली, ह्यांच्या मधल्या भिंतीत," त्या हळू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या भिंतीला आमच्या बाजूने दोन भेगा पडल्यात. केसाएवढ्या. जमिनीपासून सरळ वर गेलेल्या, ओळंब्याने आखल्यासारख्या. गेल्या महिन्यात वरती आडवी तिसरी पडली. घरं जुनी झाली की भिंती फुटतात, मला कळतं ते. गवंडी बोलावला होता. त्याने भेगेत पातं सरकवलं, ते निम्मं आत गेलं. पातं बाहेर ओढलं तर टोक कोमट होतं. पैसे न घेताच गेला.

बायको आता त्या भिंतीकडे तोंड करून निजते. भेगांमधलं अंतर मी मोजून बघितलं नाही. टेप खिशातच असतो, पण मी मोजलेलं नाही.