अक्काचं सोंग

"आज कुठला राजा झाला होतास?" अंबूअक्काने विचारलं आणि नरसिंहाच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

रविवारची तिन्हीसांज होती. मॅजेस्टिक टॉकीजपुढच्या मैदानावर, कन्नड नाटक कंपनीच्या तंबूत दुपारचा खेळ करून तो नुकताच कॉटनपेठेतल्या घरी आला होता. कानामागे रंगाची रेघ राहून गेली होती. भातात घातलेला हात तसाच अधांतरी धरून तो म्हणाला, "दुर्योधन. नेहमीचाच."

"दुर्योधन लुगडं नेसतो?"

नरसिंहाचा डावा हात कानामागच्या रंगाकडे गेला.

कंपनीत लागल्यापासून तो बहिणीला हेच सांगत आला होता. कधी दुर्योधन, कधी कंस, कधी विक्रम राजा... आणि ही भाबडी बाई बनशंकरीच्या देवळात भेटेल तिला धरून सांगत होती, की आमचा नरसिंह कन्नड नाटकात राजा होतो, त्याचा आवाज म्हणे शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. अक्काला वाटायचं, कौतुकाने लावतात. साऱ्या पेठेला ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त तिला, आणि भावाने ते मोठ्या शिताफीने तसंच ठेवलं होतं. "तंबूत दंगा असतो अक्का, घरंदाज बायकांनी येऊ नये," असं म्हणायचा. घरंदाज म्हणे! घरंदाज बाईची अब्रू रोज तिकीट लावून विकणाऱ्याच्या तोंडी हा शब्द यावा, याहून मोठा विनोद त्या तंबूतही झाला नसेल.

हे फुटलं ते आदल्या दिवशी, शिवाजीनगरात. आप्पाजींचे, म्हणजे वडिलांचे डोळे गेल्यापासून अक्काने शर्टांना काजं-बटणं करून घर चालवलं होतं. आप्पाजी गेले, भाऊ कमावता झाला, तरी तिची सुई सुटली नव्हती. विश्वासरावांच्या शिलाईच्या दुकानात ती तयार शर्टांचा गठ्ठा घेऊन गेली, तेव्हा त्यांनी गालात हसत विचारलं, "काय अक्का, जेवण झालं का?"

"माझं झालं, माझं झालं," ती सवयीने हात हलवत म्हणाली.

दुकानातली मशिनं एकाएकी थांबली आणि कारागीर पोट धरधरून हसायला लागले. विश्वासराव डोळे पुसत म्हणाले, "रागावू नका हो. पण तुमचा भाऊ तंबूत हुबेहूब हेच करतो. हात पण अगदी अस्साच."

म्हणून आज शेजारच्या पद्मावतीला बरोबर घेऊन अक्का गुपचूप बायकांच्या बाकांवर जाऊन बसली होती. पडदा वर गेला, आणि बघते तो काय... तिचंच लुगडं! तिचाच एका बाजूला झुकलेला खांदा, दाताने दोरा तोडायची तिचीच लकब, कन्नडमध्ये मध्येच घुसणारं तिचंच मराठी. नाटकात एक कवडीचुंबक मराठी अक्का होती. ती सगळ्यांना वाढायची, "माझं झालं, माझं झालं" म्हणून हात हलवायची आणि स्वयंपाकघरात शिरून दार लावून घ्यायची. मग भाचा दार ढकलायचा, तर आत अक्का दोन्ही गालांत लाडू कोंबून बसलेली! तंबू हशाने नुसता कोसळायचा. नरसिंहाचं सगळं नाव त्या एका लाडवावर उभं होतं. पद्मावतीसुद्धा हसली, मग तिने शेजारी बघितलं आणि पुढचं सारं नाटक मान खाली घालून काढलं.

"अक्का, स्वल्प ऐक माझं," नरसिंह आता पाटावरून उठत म्हणाला.

"तुझं ऐकत आले म्हणून तर ही पाळी आली. मी चोरून खाते?"

"नाटक आहे ते. लोकांना हसवायला काहीतरी..."

"येलहंक्याचं रेल्वेतलं चांगलं स्थळ मी परत पाठवलं. का? तर आंधळ्या आप्पाजींना आणि तुला कोण बघणार म्हणून. रेशनच्या दिवसांत पातेल्यात दोघांपुरतंच व्हायचं. तुम्हा दोघांपुरतं. मी दार लावून आत काय करत होते, ठाऊक आहे तुला? लाडू खात होते?"

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पाजींना तर नाहीच, देवळातल्या देवीलासुद्धा नाही. ही गोष्ट आपल्याबरोबर सरणावर जाईल अशी तिची पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीत एक अभिमान होता, कुणाला न दाखवलेल्या दागिन्याचा असावा तसा. आज संतापाने तिने तो दागिना भावाच्या तोंडावर फेकला. आता तो हादरेल, मला कल्पनाच नव्हती म्हणेल, पायांवर कोसळेल... अन् मग आपल्या अंतःकरणातली ही आग विझेल, असं तिला वाटलं.

नरसिंह खाली बघत म्हणाला, "नाही. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"दाराला फट होती. तू पातेलं बोटाने पुसून चाटायचीस. मग तांब्याभर पाणी प्यायचीस, आणि बाहेर येऊन आप्पाजींना ऐकू जाईल असा ढेकर द्यायचीस."

अक्का भिंतीला टेकली.

"बघितलं होतंस?"

"होय."

"आणि?"

"आणि दुसऱ्या दिवशी परत जेवलो. पोटभर. भूक लागायची अक्का."

इतका वेळ ती एका मूर्खावर रागावली होती, आणि मूर्खाला माफ करता येतं. पण हा मूर्ख नव्हता! याने सगळं बघितलं होतं, गिळलं होतं, आणि वर त्याचाच तमाशा मांडला होता. जो हात त्याच्यावर कधी उठला नव्हता तो आज उठला आणि फाडकन त्याच्या गालावर बसला.

"मग लाडू कुठून आणलेस?"

"खरं ते केलं असतं तर मला तिथं उभं राहता आलं नसतं," नरसिंह गाल न चोळता म्हणाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लाडू घातला की लोक हसतात. हसले की मग मला ते दिसत नाही."

"तुला दिसू नये म्हणून मी चोर. वा रे वा! ऐक आता. पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसणार. फटीतून जे बघितलंस ते करून दाखव. नाहीतर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस."

"मालक काढून टाकतील मला. लोक त्या लाडवासाठी येतात."

"सरी, चालेल. काढू देत."

आठवडाभर ती त्याचं ताट वाढून ठेवायची आणि पद्मावतीच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो समोर जेवतोय हे तिला बघवत नव्हतं.

रविवारी ती खरोखरच पहिल्या रांगेत बसली, ताठ. नाटक नेहमीसारखं रंगत गेलं. "माझं झालं, माझं झालं" आलं, आणि लोक हसायच्या तयारीने बाकांवर सरसावून बसले. आत लाडू असला, तर आपल्याला भाऊ नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं.

भाच्याने दार ढकललं.

आत नरसिंह पातेलं छातीशी धरून बसला होता. तो बोट फिरवत होता, चाटत होता, पुन्हा फिरवत होता. भाच्याचं काम करणारा नट आपलं वाक्यच विसरला. मागच्या रांगा सवयीने हसल्या, मग हशा अर्धवटच राहिला. "लाडू कुठाय?" असं कोणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, त्याला कोणी साथ दिली नाही. नरसिंहाने तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन लोकांना ऐकू जाईल असा ढेकर दिला.

शेजारच्या बाया पदराने डोळे टिपायला लागल्या, तेव्हा अक्का मनातून उखडली. कालपर्यंत हसणाऱ्याच या! कुणाची दया तिला नको होती. तिला फक्त चोरीचा आळ धुऊन हवा होता, आणि तो धुतला गेला होता. ती उठली आणि पडदा पडायच्या आत घरी निघून आली.

तासाभराने नरसिंह आला. तोंडावरचा रंगसुद्धा पुसला नव्हता.

"काढलं?" अक्काने काजं करता करता विचारलं.

"काढलं. पडदा पडायच्या आधीच."

चूल गार होती, आज तिने काही रांधलंच नव्हतं. नरसिंहाने ते पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो स्वतः चुलीपुढे बसला. भात थोडा गिचका झाला, सारात मीठ जास्त पडलं. त्याने पाट मांडला, ताट वाढलं. अक्का बसली आणि जेवायला लागली. भाऊ पुढ्यात वाढायला बसलाय आणि आपण आधी जेवतोय, असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

"वाढ," ती म्हणाली.

त्याने वाढलं.

"अजून वाढ."

त्याने पातेलं तिरपं करून, खरवडून उरलेलं सगळं तिच्या ताटात घातलं. त्याच्यासाठी एक शीतही राहिलं नाही. अक्काला ते दिसलं. दिसलं, तरी ती जेवत राहिली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. तो रिकामं पातेलं मांडीवर धरून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याने नजर वळवली नाही.

ती उठली. हात धुतला. मग तिने डबा उघडून तांदूळ काढले आणि चुलीत दोन लाकडं सारली.

"अक्का, राहू दे," तो हळूच म्हणाला. "मला भूक नाही."

"परत खोटं बोललास तर दुसऱ्या गालावर बसेल," ती तांदूळ धूत म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते. "ते तोंड धू आणि पाटावर बस. भात होईपर्यंत उठायचं नाही."