डाव्या अंगाचा खिसा

शेठने ट्रक तिच्या दुकानासमोर लावला तेव्हा दुपार कलत आली होती. नवा रंग, नवी नंबरप्लेट. "ताई, ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर तेवढं नवं शिवून दे," म्हणत त्याने केबिनचं दार उघडून दिलं.

गाड्यांच्या सीटा शिवण्यात तिची हयात गेली होती. तिने कव्हर उसवलं, तर खाली आणखी एक कव्हर निघालं. त्याला डाव्या अंगाला खिसा होता. तिचे हात थांबले. असा खिसा तिने आयुष्यात एकदाच शिवला होता, आपल्या डावखुऱ्या भावासाठी. तो याच शेठचा ट्रक चालवायचा. ब्रेक निकामी होऊन तो ट्रक उलटला आणि भाऊ जागीच गेला. कायद्याने ट्रक बाद ठरला. बाद झालेला ट्रक कापावा लागतो. "कापला," असं शेठने तिला तोंड वर करून सांगितलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाली उतरली. "हा तोच ट्रक आहे!"

शेठ हसला. "आपल्या राज्यात मेला होता. शेजारच्या राज्यात तो नियम फक्त मोटारींना आहे, मालट्रकांना नाही. तिकडे नेला, कागद नवे केले. आता कायद्याने जिवंत आहे."

"आणि ब्रेक?"

"लागतात की. उद्या नवा ड्रायव्हर घाटात घेऊन जाणार आहे."

"माझा भाऊ खाल्लात, आता आणखी कुणाला खाताय? मेल्या, लाज कशी वाटत नाही?"

"डोकं फिरलंय तुझं. थांब, मीच चालवून दाखवतो." शेठ चढला. दार लागलं.

बाहेर लख्ख ऊन होतं, पण काचेआड अंधारून आलं. इंजिन बंद होतं, तरी करपलेल्या ब्रेकचा वास सुटला.

"ताई..." शेठचा आवाज बारीक झाला. "दार उघड ना..."

"काय झालं?"

"माझ्या मांडीवर... कुणीतरी बसलंय..."

तिने दाराला हातही लावला नाही. "घाबरता कशाला? गाडी कायद्याने जिवंत आहे ना? मग ड्रायव्हरही कामावर आला असेल."

शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्यांनी पहारीने दार उचकटलं. शेठ बाहेर पडला तो "कापा, आत्ताच्या आत्ता कापा" असं किंचाळतच. ट्रक तिच्या डोळ्यांदेखत कापला गेला. तिचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

सीट तेवढी तिने मागून घेतली आणि दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली. कुणी बसलेलं नसलं, तरी सीटचा स्पंज दबलेलाच राही. ती तिकडे बघून काम करायची.

एके दिवशी ताजा रंग दिलेला, नव्या नंबरप्लेटचा एक जुनाट ट्रक दुकानासमोरून घाटाकडे गेला. तिने कोपऱ्यात पाहिलं. स्पंज हळूहळू वर येत होता, कुणीतरी उठून निघाल्यासारखा.